मिस्टर बुंडवाला

आमच्या घरमालकांकडे एकेचाळीस दरोडेखोर होते आणि त्यांतल्या एकालाही त्यांनी फासावर जाऊ दिलं नव्हतं.

हे दरोडेखोर कागदाचे होते. दीडेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एका पेनीला आठ पानांचा अंक दर आठवड्याला मिळायचा. पहिल्या पानावर चित्र: तोंडावर फडकं बांधलेला घोडेस्वार, पिस्तूल, बग्गीत किंचाळणारी बाई. आत बारीक टायपात गोष्ट. गिरणीतले कामगार, मोलकरणी, हमाल हे अंक घ्यायचे; ज्याला वाचता यायचं तो मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. नायक कधी वाटमाऱ्या, कधी घोडेचोर, कधी कुठल्या तरी दूरच्या मुलखातला बंडखोर. तो सावकाराला लुटायचा, बायकांशी अदबीने वागायचा आणि न्यायाधीशाची फजिती करायचा. गोष्ट जितकी लांबेल तितकी लेखकाची सोय, म्हणून घोड्याला एक नदी ओलांडायला तीन-तीन आठवडे लागायचे. शेवटच्या अंकात मात्र, बहुधा सरकारला वाईट वाटू नये म्हणून, नायक फासावर जायचा.

घरमालकांनी यावर साधा तोडगा काढला होता. शेवटचा अंक ते उघडतच नसत. हे अंक मोठा कागद छापून, घड्या घालून विकले जात. कडा वाचणाऱ्याने आपल्या सुरीने कापायच्या. त्यांच्या एकेचाळीस गठ्ठ्यांत शेवटचा अंक तेवढा न कापलेला होता. ते म्हणायचे, कापला की मेला. न कापलेला माणूस अजून घोड्यावर आहे.

मी लिहिताना त्यांना अहो-जाहो करते आहे. मनात अजून अरे-तुरेच चालतं, कारण या माणसाने मला एका व्यवहारात फसवलं, आणि मी व्यवहारात फसणारी बाई नाही. चिंचवडच्या दोन खोल्यांतून मी चकलीचा धंदा उभा केला. हाताखाली पाच बायका होत्या. मार्केट यार्डातले बेसनवाले मला लांबून पाहिलं की जेवायला जायचे, मग सकाळचे दहा का वाजले असेनात. नवऱ्याला शॅननला सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि मी त्याच्याबरोबर आयर्लंडला आले, तेव्हा विमानतळावरच्या माणसाने माझ्या कागदावर नजर टाकली आणि विचारलं, डिपेंडंट? पाच बायका माझ्यावर अवलंबून होत्या, आणि इथे मी अवलंबून. तो शब्द मी अजून गिळलेला नाही.

एनिसमध्ये आम्ही ज्या घराचा वरचा मजला घेतला, त्याच्या खालच्या मजल्यावर घरमालक एकटे राहत. सत्तरी ओलांडलेली, बायको वारलेली, मुलगी डब्लिनला. आयुष्यभर ते छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं, जुळवायचं काम करत होते. त्यामुळे त्यांना उलटं वाचता यायचं. टेबलाच्या पलीकडून, हातभर लांबून, तुमच्या हातातला कागद ते तुमच्याआधी वाचून मोकळे. घासाघीस करणाऱ्या माणसासमोर बसायला याच्याइतकी वाईट असामी नाही.

त्यांच्या मते जगात दोनच जाती. टोपी उचलून लुटणारे आणि टोपी न उचलता लुटणारे. विमा कंपन्या, बँका आणि दोन्ही बाजूंचे पुढारी दुसऱ्या जातीत. पोस्टमन फाटकात आला की ते खिडकीतून ओरडत, 'स्टँड अँड डिलिव्हर.' ही जुन्या दरोडेखोरांची आरोळी, थांब आणि असेल ते दे. पोस्टमन थांबायचा आणि डिलिव्हर करायचा. वर्षानुवर्षं हा विनोद रोज होत होता आणि रोज दोघंही हसत होते.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये, असा सरकारी हुकूम आला. घरमालकांनी तो दोनदा वाचला, एकदा सरळ आणि एकदा उलटा, आणि स्वतःला फरारी जाहीर केलं. रोज अकरा वाजता ते काळा रुमाल नाकावर बांधून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. मला म्हणाले, "सत्तर वर्षं तोंड झाकायला कारण शोधत होतो, मिसस. शेवटी सरकारनेच दिलं."

त्याच दिवसांत माझा धंदा सुरू झाला. विमानं बंद, म्हणजे भारतातून कुणाचे आईवडील येणार नाहीत आणि कुणाची बॅग भरून फराळ येणार नाही. एनिस, लिमरिक, गॉलवे, सगळीकडची मराठी घरं चकलीच्या आठवणीने हळवी झालेली. मी दोन किलो भाजणीच्या चकल्या पोस्टाने पाठवल्या आणि आठवड्यात फोन थांबेना. पण वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराला खिडकी एक, आणि तीही हातभर. तळणाचा धूर थेट नवऱ्याच्या मीटिंगमध्ये जायचा. तो खोकत खोकत साहेबाला उत्तरं द्यायचा.

आणि मागच्या अंगणात एक दगडी शेड रिकामी पडली होती. आत नळ होता, मोरी होती, उंच छप्पर होतं, भिंतीत धुराडं होतं. मी ती शेड खिडकीतून रोज बघायची. त्यात कुठे कढई, कुठे परात, कुठे पॅकिंगचं टेबल, सगळं मांडून झालं होतं. मला ती गणपतीच्या आत हवी होती. गणपतीला मोदकांबरोबर नाव झालं की दिवाळी आपली, एवढा हिशोब कुठल्याही फराळवालीला कळतो.

मे महिन्यात मी खाली गेले. अंगणात दोन खुर्च्या दोन मीटर अंतरावर मांडलेल्या असत. मी माझ्या अटींचा कागद काढला, आणि तो उघडायच्या आधी त्यांनी पलीकडून वाचून टाकला. मग म्हणाले, ठीक आहे, पण मला आधी एक विचारायचं आहे. "युअर मॅन, तो फासावर गेला का, तुम्हाला काही ठाऊक आहे?"

युअर मॅन. मला वाटलं, माझा माणूस, म्हणजे माझा नवरा. मी म्हटलं, "नाही, तो वर मीटिंगमध्ये आहे."

घरमालक इतके हसले की खुर्चीला धरून बसले. इकडे 'युअर मॅन' म्हणजे कुणीही पुरुष, ज्याच्याबद्दल आपण बोलतोय तो. पोस्टमनही युअर मॅन, पंतप्रधानही युअर मॅन. हसू ओसरल्यावर त्यांनी आतून एक गठ्ठा आणला, अंगणातल्या कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवला आणि नियमाप्रमाणे मागे सरकले. म्हणाले, एकेचाळीस जणांपैकी चाळीस कोण होते ते मी शोधून काढलं. हा एक सापडत नाही. तुमच्याकडचा आहे. पन्नास वर्षं भेटेल त्या भारतीय माणसाला विचारतोय. इस्पितळातल्या केरळच्या नर्सला विचारलं, पंजाबी डॉक्टरला विचारलं. बुंडवाला कोण?

मला ऐकू आलं बुंदीवाला. धंद्याचा परिणाम. मी विचारात पडले की बुंदीवाल्याने एवढं काय केलं असेल.

मग अंक हातात घेतला. चित्रात काळ्या घोड्यावर एक दाढीवाला, डोक्यावर तुर्की थाटाचं पागोटं, पायाशी वाघ, मागे पिरॅमिडसारखे डोंगर आणि डोंगरावर नारळाचं झाड. खाली लिहिलं होतं की हा पुण्याच्या घाटातला भयंकर सरदार बुंडवाला. जुने इंग्रज 'अ'साठी यू लिहायचे, हे बंदोबस्ताच्या जुन्या स्पेलिंगवरून मला ठाऊक होतं. बुंड नव्हे, बंड. बंडवाला. सत्तावन्नच्या धामधुमीत आपल्याकडे सगळ्यांनाच बंडवाले म्हणायचे. लंडनच्या बाहेर कधी पाय न टाकलेल्या कुण्या लेखकाने कुठल्या तरी बातमीत हा शब्द वाचला आणि त्याला माणसाचं नाव समजून घोड्यावर बसवलं. असा माणूसच नव्हता. आणि घरमालक त्याला पन्नास वर्षं शोधत होते.

हे सगळं मला एका मिनिटात कळलं. त्याच मिनिटात ते म्हणाले, "शेड तुमची. आधी हा कोण होता तेवढं सांगा."

आता माझ्या जागी कुणी सरळ बाई असती तर तिने सांगून टाकलं असतं. पण मी तीस वर्षांत एक गोष्ट शिकले आहे. माल एकदम दाखवायचा नसतो. खरं सांगितलं तर तो माणूसही गेला आणि बदल्यात मिळायची शेडही गेली. मी अंक झाकणावर ठेवला आणि म्हटलं, मोठी गोष्ट आहे हो. एका बैठकीत होणार नाही.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. शनिवारी दुपारी तीन वाजता, ते म्हणाले.

असा माझा बंडवाला सुरू झाला. मला ना इतिहास येत होता ना गोष्टी रचता येत होत्या, पण राग भरपूर येत होता. म्हणून ज्यांच्यावर माझा राग होता त्या सगळ्यांना मी बंडवाल्याच्या वाटेवर उभं केलं. पहिल्या शनिवारी त्याने एका तेलाच्या व्यापाऱ्याला अडवलं, जो शेंगदाणा तेलात पाम तेल मिसळायचा. बंडवाल्याने त्याला त्याचंच तेल प्यायला लावलं. दुसऱ्या शनिवारी एक गावकामगार पाटील होता, जो गरीब विधवेला अंगणात चूल पेटवू देत नव्हता. हा आमच्या चिंचवडच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मग एक चौकीदार आला, जो घाट चढून येणाऱ्या बायकांच्या हातावर शिक्का मारायचा की ही दुसऱ्याच्या जिवावर जगते. त्याच्या कपाळावर बंडवाल्याने तोच शिक्का मारला. या भागाला घरमालकांनी टाळ्या वाजवल्या. कधी मध्येच विचारत, "युअर मॅनला खाद्यतेलाचा फारच त्रास होता, नाही का?" मी म्हणे, त्या काळी भेसळ फार.

शनिवारी तीन वाजता माझं तोंड सुटलं की साडेचारपर्यंत थांबायचं नाही. मनातला कचरा बाहेर पडल्यावर वर जाऊन मी शांतपणे भाजणी मळायची. नवरा म्हणाला, तुझं ब्लडप्रेशर उतरलंय. मी म्हटलं, शेड मिळाली की अजून उतरेल.

पण शेड मिळेना. प्रत्येक भागाच्या शेवटी मला वाटे, आज किल्ली निघेल. ते उठत, वा, ग्रँड, म्हणत आणि आत जात. मी परत विचारलं नाही. माझा नियमच आहे: एकदा आपला भाव बोलून झाला की पुढचं तोंड समोरच्याने उघडायचं. जो आधी बोलतो तो हरतो. गणपती आले. मी हातभर खिडकीत तोंड खुपसून दीडशे मोदक वळले आणि दुप्पट मागणीला नाही म्हटलं. दिवाळी आली. लोकांनी नंबर लावले होते, मी निम्म्यांना परत पाठवलं. त्यांना कुणी लिमरिकची बाई मिळाली, जी चकलीत तांदळाचं पीठ घालते. हे दुःख ज्याला कळेल त्याला कळेल.

थंडीत अंगणात बसता येईना, म्हणून बैठक जिन्यात हलली. मी सातव्या पायरीवर, ते खाली खुर्चीत गुडघ्यांवर पांघरूण घेऊन, मध्ये उघडा दरवाजा. एकदा तिथेच त्यांनी मला टोरी शब्दाची गोष्ट सांगितली. आयरिश भाषेत त्याचा अर्थ रानात पळून गेलेला, ज्याच्या मागावर शिपाई आहेत असा माणूस. आयर्लंडच्या दरोडेखोरांना इंग्रज तसं म्हणायचे, मग चिडवायला आपल्याच विरोधकांना म्हणू लागले, आणि शेवटी ते त्यांच्या हुजूर पक्षाचं नाव होऊन बसलं. साधा शब्द होता, ते म्हणाले, माणसांनी त्याचं नाव केलं. असं होतं कधीकधी. आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, हो का, आणि बंडवाल्याला नदीत घातलं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गोष्ट संपल्यावर त्यांनी खालच्या पायरीवर माझ्यासाठी एक जाड पाकीट ठेवलं. वाचून बघा म्हणाले, सोमवारी टाकतो. आत सुबक अक्षरात चौदा पानं होती. मथळा: दख्खनचा एक विस्मृत बंडखोर, त्याच्याच मुलखातल्या एका बाईच्या साक्षीवरून. तेलाचा व्यापारी होता, गावकामगार होता, शिक्का होता, चिंचवडचा डोंगर होता. चिंचवडला डोंगर नाही. वर पत्ता होता जिल्ह्याच्या इतिहास मंडळाचा. आणि पांघरूण सारखं करत ते सहज म्हणाले की पुढच्या आठवड्यात शेडचा कागद करून टाकू.

मी पाकीट घेऊन वर गेले. नवऱ्याने चौदा पानं वाचली आणि तो आधी हसला. मग म्हणाला, "अगं, गप्प बस की. गोष्टच आहे. शेड मिळतेय ना?"

मिळत होती. नऊ महिने जिच्यासाठी दात आवळून बसले ती शेड पुढच्या आठवड्यात माझी होती. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तोंड बंद ठेवून मी आयुष्यात बरंच काही मिळवलं आहे. पण इतिहास मंडळात कुणीतरी शिकलेला माणूस हे वाचणार, कोशात बघणार आणि या म्हाताऱ्याला हसणार. पन्नास वर्षं छापील शब्द जुळवलेल्या माणसाला एका शब्दावरून हसणार, आणि तो शब्द मी त्याला पुरवलेला. व्यापाऱ्याच्या डोळ्यांत मी कितीदा धूळ फेकली आहे. पण व्यापारी असतो तो. हा माणूस तर पांघरूण घेऊन ऐकत होता.

रविवारी सकाळी मी खाली गेले. पाकीट दारातल्या टेबलावर ठेवलं आणि पायरीवर न बसता उभ्यानेच सांगितलं.

"हे टाकू नका. असा माणूस नव्हता. बुंडवाला हे नाव नाही, शब्द आहे. बंड करील तो बंडवाला, कुणीही. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

त्यांनी पाकीट आपल्याकडे ओढलं. मग विचारलं, "आणि तेलवाला?"

"तो खरा आहे. पुण्याच्या मार्केट यार्डात बसतो."

"आणि शिक्का मारणारा?"

"तो तुमच्या विमानतळावर."

ते उठले, आत गेले आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. कातडी बांधणीचा, साहेबाच्या काळातला मराठी-इंग्रजी कोश. त्यात एक चिठ्ठी घातलेली होती, इतकी जुनी की तिच्या कडा पानाच्या रंगाच्या झाल्या होत्या. चिठ्ठीच्या पानावर ब होता, आणि त्यात बंड, आणि बंडाखाली पेन्सिलीची बारीक रेघ.

ते म्हणाले, "शब्द माझ्याकडे तुमच्या जन्माच्या आधीपासून आहे, मिसस. माणूस नव्हता. आणि मग एक दिवस तो स्लिपर घालून जिना उतरून आला."

"आणि हे पत्र?"

"त्याला तिकीट लावलेलं नाही. पाहिलं नाहीत?"

पाहिलं नव्हतं. मी, जिला पोत्याच्या शिवणीवरून कळतं की आतला माल जुना आहे, तिने तिकीट पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढून माझ्यापुढे धरली आणि वर सांगितलं की ती तिथे जुलैपासून आहे. जुलैत वायरमन येऊन शेडमध्ये मोठ्या शेगडीचा पॉइंट बसवून गेला होता. मी त्या दिवशी वर चकल्या तळत होते.

आता मात्र मी बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वरच्या मजल्यावर नवऱ्याने खिडकी लावून घेतली. गणपती गेले, दिवाळी गेली, लिमरिकच्या बाईच्या तांदळाच्या चकल्या लोकांनी खाल्ल्या, आणि किल्ली खिळ्यावर लटकत होती. मग दिली का नाही?

"तुम्ही परत मागितलीच नाही," ते म्हणाले. "मी दर शनिवारी वाट बघायचो. म्हटलं, आज मागेल आणि गोष्ट संपेल. तुम्ही मागायचा नाहीत आणि मला आणखी एक आठवडा मिळायचा. माझ्याइतका गप्प बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता."

नऊ महिन्यांचे शनिवार मी त्यांना फुकट दिले होते, अशा शेडसाठी जी जुलैतच माझी झाली होती. माझ्या सगळ्या आयुष्यात मला एवढं कुणी लुटलेलं नाही. तो राग अजून आहे आणि मी तो जपून ठेवला आहे. शेडमध्ये कढईसमोर उभी राहिले की तो रोज थोडा वर येतो आणि चकली कुरकुरीत होते.

त्या उन्हाळ्यात घरमालकांच्या डोळ्यांची तक्रार वाढली आणि मुलीने त्यांना डब्लिनला आपल्या घरी नेलं. तिचं घर ब्युमॉन्टला, इस्पितळापासून चालत दहा मिनिटं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा धंद्याच्या नोंदणीचा अर्ज भरून दिला, कारण मी सरकारी फॉर्मवर फार जोरात लिहिते आणि कागद फाटतो. धंद्याचं नाव काय, त्यांनी विचारलं. मी अजून रागात होते. म्हटलं, काय वाटेल ते घाला. त्यांनी छापल्यासारख्या मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहिला आणि सही करायला पेन पुढे केलं. मी वाचलं, सरळ, आणि सही केली.

आता पाकिटांवर तेच नाव असतं. एनिसच्या लोकांनाही चकलीची सवय लागली आहे. पबमध्ये बिअरबरोबर बरी लागते म्हणतात. परवा मसाल्याची एजन्सी घेतलेला एक सूटवाला शेडच्या दारात आला. हातात दरपत्रक, चेहऱ्यावर गोड हसू. कढईजवळ अॅप्रन घालून उभ्या असलेल्या माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि माझ्या मागे कुणी आहे का ते शोधत विचारलं, मिस्टर बुंडवाला भेटतील का, भावाचं बोलायचं होतं.

मी शेगडी बारीक केली, हात पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"बोला," म्हटलं.